सकाळचं पहिलं पाणी

३ फेब्रुवारी

नणंदबाई,

डबा उघडताना नाक धर. वर बर्फ आहे, बर्फाखाली तीन मेलेले खेकडे आणि शेजारी खाडीच्या पाण्याची बाटली. पत्र दोन पिशव्यांत गुंडाळलंय, तरी त्याला वास लागला असेल तर माझा नाइलाज आहे. इतरांच्या भावजया साड्या पाठवतात, तुझ्या नशिबी ही आली.

फोन का करत नाही, असं विचारशील. फोन बैठकीत, आणि फोनशेजारी बाबा. कमी ऐकू येतं म्हणून ते प्रत्येक वेळी स्पीकर लावायला सांगतात आणि मग तू मला जे सांगशील त्याची उत्तरं तेच देतात. शेडमध्ये जाऊन बोलावं तर मोटरीच्या आवाजात माझंच मला ऐकू येत नाही. म्हणून लाँचवाल्याच्या हाती हा डबा आणि हे पत्र.

आता मुद्द्याचं. माझे खेकडे मरताहेत. तुला शेड आठवतेय ना? भिंतीला लावून चळतीने डबे, एका डब्यात एक खेकडा, प्रत्येक डब्यावर एक बारीक तोटी. खेकडा जुनं कवच टाकून बाहेर आला की अंग लोण्यासारखं मऊ असतं, तेव्हाच उचलायचा आणि हॉटेलवाल्याला द्यायचा. उशीर झाला की नवं कवच कडक होतं आणि मग त्याला कुत्रं विचारत नाही. गेलं वर्षभर सगळं झकास चाललं होतं. महिनाभरापासून कवच टाकायला सुरुवात करतात, मागची फट उघडते, अर्धं अंग बाहेर येतं आणि तिथेच अडकून मरतात. सकाळी झाकण उघडायला हात धजावत नाही. जे मरत नाहीत ते कोपऱ्यात बसून राहतात, खाणं टाकलंय.

शिवणकामाचं दुकान बंद करून मी ही शेड उभारली, हे तुला वेगळं सांगायला नको. तेव्हा सगळे हसले होते, तूच एकटी म्हणालीस, कर. आता तूच सांग काय झालंय. तू आयुष्यभर हेच प्राणी चिरत बसली आहेस, त्याचा घरच्यांना एकदा तरी उपयोग होऊ दे.

तुझा दादा बरा आहे. बाबाही मजेत. आई गेल्यावर नुसते भिंतीकडे बघत बसायचे, आता तसं नाही. इकडेतिकडे काहीतरी करत असतात.

वाट बघतेय,
वहिनी

११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

डबा मी लॅबमध्ये नेमका सरांसमोर उघडला. सर दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, घरून आलंय का? मी म्हटलं, हो, आमच्याकडे असंच येतं.

तिन्ही खेकडे बघितले. कल्ले काळपट पडलेत आणि त्यांचे पडदे चिकटलेत. कल्ल्यांत तांबं सापडलं, आणि ते थोडंथोडकं नाही, असायला हवं त्याच्या कितीतरी पट. मी दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा आमच्या लॅबमधल्या दुसऱ्या मुलीकडून मोजून घेतलं, कारण घरचं काम असलं की माझा स्वतःवर विश्वास राहत नाही.

तुला समजेल असं सांगते. आपलं रक्त लोखंडावर चालतं, खेकड्याचं तांब्यावर. म्हणून ते निळसर दिसतं. त्याला तांबं लागतंच. पण जेवणात मीठ लागतं म्हणून कुणी मूठभर मीठ खात नाही ना? जास्तीचं तांबं पहिल्यांदा कल्ल्यांवर बसतं. खेकडा कल्ल्यांनी श्वास घेतो आणि अंगातलं मिठाचं प्रमाणही त्यांनीच सांभाळतो. ती दोन्ही कामं ढेपाळली की तो सुस्तावतो, खात नाही. आणि कवच टाकायचं म्हणजे त्याला भरपूर पाणी आत घेऊन अंग फुगवावं लागतं, तेव्हा कुठे जुनं कवच उकलतं. तुझ्या खेकड्यांना ते जमत नाहीये. निघायची वेळ आली की अंगात ताकदच उरत नाही, म्हणून अर्ध्यावर अडकतात.

आता वाईट बातमी. खाडीच्या वरच्या अंगाला भांड्यांना आणि नळांना मुलामा चढवणारा तो नवा कारखाना झालाय ना, माझा संशय त्याच्यावर आहे. तुझ्या बाटलीतल्या पाण्यात तांबं फारसं नाही, पण ते लोक मधूनच कधीतरी सोडत असतील आणि तू पाणी भरलंस तेव्हा ते वाहून गेलं असेल. सरांनी ऐकल्याबरोबर टेबलावर हात आपटला. त्यांना लगेच वरच्या सरकारी कचेरीला कळवायचंय. कळवलं की पहिलं काम काय होईल माहितेय? चौकशी होईपर्यंत खाडीतलं खेकडे-कोळंबी पकडणं आणि विकणं बंद. तुझी शेड बंद, आणि खाडीवर पोट असलेल्या सगळ्यांची जाळी खुंटीला.

मी सरांना थोपवून धरलंय. घाईत लिहिलं आणि चुकलं तर गाव आपल्याला माफ करणार नाही, आणि बरोबर असूनही लिहिलं नाही तर मी मला माफ करणार नाही. म्हणून नीट आठवून सांग. गेल्या दोन-तीन महिन्यांत शेडमध्ये काय काय बदललं? खाणं, औषध, डबे, रंग, काहीही. आणि डब्यांतलं पाणी भरून पाठव. तोवर शेडमधला एकही खेकडा कुणी खाऊ नका, विकूही नका.

बाबांना शिडीवर चढू देऊ नकोस. गेल्या वर्षी पडले तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे बघून सांगितलं होतं, यांचे हात आता थरथरतात, हत्यारं यांच्यापासून लांब ठेवा. माझं लक्ष तिकडेच लागलेलं असतं.

तुझी,
जिच्या नशिबी मेलेले खेकडे आले ती

१९ फेब्रुवारी

नणंदबाई,

तुझं पत्र वाचलं आणि पायाखालची जमीन सरकली. खाडी बंद? अगं, समोरची जाळीवाली काकू रोज सकाळी माझ्या दारात टोपली टेकवून चहा पिते. तिला मी काय सांगू, की माझ्या नणंदेने तुझी टोपली पालथी केली? दोन दिवस मी तिच्याकडे नीट बघूही शकले नाही. ती म्हणाली, नवऱ्याशी भांडलीस का? मी हो म्हणून टाकलं. तुझा दादा बिचारा विनाकारण बदनाम झाला, काकूने त्याला वाटेत गाठून सुनावलंही.

काय बदललं ते लिहिते. कोंड्याऐवजी बारीक मासळी द्यायला लागले. डब्यांची झाकणं नवी पांढरी आणली. दाराजवळचा दिवा बदलला. मांजर पाळलं होतं ते पळून गेलं. मोटर जुनी झालीय म्हणून रात्री बंद ठेवते, सकाळी उठून लावते. एवढंच. बाकी काही आठवत नाही.

पण एक चांगली बातमी. गेल्या आठवड्यापासून मरणं कमी झालंय! मी खाण्यात लसूण वाटून घालायला लागले, त्याचाच गुण असणार. काल तर एकाने पूर्ण कवच टाकलं, अगदी नांग्यांच्या टोकापर्यंत. मी शेडमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या. तुम्हा शिकलेल्यांना लसणाचं हसू येईल, पण खेकड्याला विचार.

डब्यांतलं पाणी पाठवतेय, दुपारी भरलंय. दोन खेकडेही आहेत, एक मेलेला आणि एक अगदी टवटवीत, जिवंत. त्याला मारशील तेव्हा माझं नाव सांगू नकोस.

बाबांचं एक विचारायचं होतं. हल्ली ते सगळ्यांच्या आधी उठतात आणि शेडमध्ये जाऊन बसतात. मी मोटर लावायला जाते तर मोटर चालूच असते आणि हे गुडघ्यापर्यंत भिजलेले. काय करता म्हटलं की म्हणतात, काही नाही, पाण्याचा आवाज ऐकतो. आई पहाटे नळाखाली भांडी घासायची, तो आवाज त्यांना आठवत असेल असं मला वाटतं. मी आपली कोरडा पंचा दाराला अडकवून ठेवते एवढंच.

वहिनी

२७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

लसणाचं मी सरांना सांगितलं. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. नंतर मात्र गंभीर झाले आणि मीही झाले, कारण आता काहीच जुळत नाहीये.

डब्यांतलं पाणी स्वच्छ निघालं. खाडीचं तर आधीच स्वच्छ होतं. पण खेकड्यांच्या कल्ल्यांत तांबं आहेच, मेलेल्यात जास्त आणि टवटवीत होता त्याच्यातही. पाण्यात नाही आणि अंगात आहे, म्हणजे ते येतंय आणि आपल्याला न दिसता जातंय. सर म्हणतात, कारखानाच, अंधारात सोडत असणार. मी वरच्या अंगाला जाऊन स्वतः पाणी भरून आणलं. कारखान्याच्या रखवालदाराने मला मासे पकडणारी समजून भाव विचारला. त्या पाण्यातही काही नाही. मग कुठून येतंय? मला झोप लागत नाही. जेवताना घास हातात घेऊन बसते.

सरांनी पंधरा दिवस दिलेत. तोवर दुसरं कारण सापडलं नाही तर कागद वर जाणार. त्यांची चूक नाही. खरंच कुणी खाडीत विष सोडत असेल आणि आम्ही गप्प बसलो तर आम्ही काय कामाचे?

दरम्यान बाबांना इकडे पाठव. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मिळालीय. लाँचवर दादा बसवून देईल, धक्क्यावर मी येते. आठ-दहा दिवस राहू देत. तुलाही जरा मोकळं वाटेल, पहाटे कुणी भिजणार नाही.

तुझी नणंद

८ मार्च

नणंदबाई,

बाबा पोचले, कळलं. त्यांची पत्र्याची पेटी उचलताना तुझ्या दादाची कंबर धरली. कपडे दोनच आहेत, बाकी आत काय आहे ते विचारू नकोस.

आता नीट बसून वाच. बाबा गेले त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून खेकडे पुन्हा मरायला लागले. तेच, अर्धं अंग बाहेर. लसूण चालूच आहे, दुप्पट केला. काही उपयोग नाही. काल एका फळीवरचे बहुतेक गेले. मी जमिनीवर बसून रडले, खोटं कशाला सांगू. तुझा दादा मला उठवायला आला आणि तोही शेजारी बसला.

मग सकाळी एक गोष्ट दिसली. मोटर लावली, तोट्यांतून पाणी आलं. शेवटच्या फळीवरच्या पांढऱ्या झाकणांवर तोटीखाली हिरवट डाग पडलेत. जुन्या काळ्या झाकणांवर ते कधी दिसले नसते. मी बोट फिरवलं, बोट हिरवं झालं. आता सांगायलाच हवं, मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवलीय.

तू विचारलंस काय बदललं. सगळं लिहिलं, मांजरसुद्धा लिहिलं, पण हे नाही. डिसेंबरात शेडमधले प्लास्टिकचे पाइप फुटले. बाबा म्हणाले, मी बसवतो. आई गेल्यापासून पहिल्यांदा ते स्वतःहून काही म्हणाले होते. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघून मिटलं. त्यांच्या खाटेखाली गोदीत कामाला असताना आणलेले जुने पाइप होते ना, मोडीत काढलेल्या जहाजाचे, ज्यावरून आई आयुष्यभर त्यांच्याशी भांडली? ते त्यांनी बाहेर काढले, घासले, कापले, एकेक सांधा स्वतः कथील वितळवून, डाख देऊन जोडला. आठवडाभर खपत होते. रात्री भूक लागायची त्यांना! शिडीवर मी चढू दिलं नाही, वरचं काम तुझ्या दादाने केलं आणि हे खालून त्याला शिव्या देत होते. मग स्वतःच्या हाताने पाइपांना पांढरा रंग दिला, दिसायला छान म्हणून. ते तांब्याचे आहेत हे मी विसरूनच गेले होते. तुला सांगितलं असतं तर तू त्यांची हत्यारं काढून घेतली असतीस.

ते पाइप तर नसतील ना गं? सांग, नाही म्हणून. किंवा हो म्हणून. मला आता काय हवंय तेच कळत नाही.

आणि हो, जाताना बाबा लाँचवरून ओरडून सांगत होते, सकाळी मोटर लावली की पहिलं पाणी गटारात सोडून द्या, डब्यांत घालू नका. मी मान हलवली आणि विसरले. म्हाताऱ्या माणसाची भुणभुण वाटली.

रागाव, पण लवकर लिही.
वहिनी

१२ मार्च

वहिनी, वहिनी, वहिनी,

रागावू? मी तुझं पत्र लॅबमध्ये वाचलं आणि खुर्चीवरून अशी उठले की खुर्ची मागे पडली. सर धावत आले. मी म्हटलं, खाडी स्वच्छ आहे! खाडी स्वच्छ आहे! त्यांना वाटलं मला ताप आलाय. मग त्यांनी तुझं पत्र माझ्या हातातून घेऊन वाचलं (मांजराचं आणि रडण्याचंही वाचलं, माफ कर), आणि ते खाली बसले आणि म्हणाले, देवा, आपण काय करणार होतो! कचेरीला लिहिलेला कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला. माझा जीव भांड्यात पडला गं. जाळीवालीच्या टोपलीला कुणीही हात लावणार नाही. तिला खुशाल चहा पाज आणि दादाची अब्रू परत मिळवून दे.

झालं असं असणार. खाडीचं पाणी खारट. मोटर बंद असली की ते रात्रभर पाइपांत तुंबून राहतं आणि तांबं विरघळवत बसतं. सकाळी मोटर लावली की ते पहिलं पाणी थेट डब्यांत. लांबच्या फळीला सगळ्यांत वाईट, कारण तिथवर पाइप सगळ्यांत लांब. नंतर ताजं पाणी येतं आणि खुणा धुऊन जातात. तू दुपारी पाणी भरायचीस, मला काय दिसणार? माणसाला एवढ्याने काही होत नाही, पण खेकडा तर त्याच पाण्यातून श्वास घेतो. आणि ते मधले बरे दिवस! लसूण नव्हता तो वहिनी, बाबा होते. पहाटे उठून पहिलं पाणी सोडून देत होते. का, ते मला माहीत नाही. तांब्याचा संशय त्यांना असणं शक्य नाही, असता तर त्यांनी पाइप उपटून फेकले असते.

आता हे कर. मोटर लावण्याआधी बाटली धर, पहिलं पाणी भर. थोडा वेळ वाहू दिल्यावर दुसरी बाटली. दोन्ही पाठव. आणि पाइप बंद करून बागेच्या रबरी नळीने थेट डब्यांत पाणी दे.

राहिले बाबा. त्यांना कसं सांगायचं? इथे ते अजिबात बरे नाहीयेत. डोळे ठीक आहेत, डॉक्टर म्हणाले, पण जेवत नाहीत. खिडकीशी बसून असतात. आल्या आल्या त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातला ठिबकणारा नळ दुरुस्त केला, मला न विचारता. पेटीत काय होतं ते तेव्हा कळलं! मी ओरडले त्यांच्यावर. आणि आता दिवसातून दहादा त्या नळाखाली बोट धरून बघतात आणि मला विचारतात, गळत तर नाही ना? मी म्हणते, नाही बाबा. तासाभराने पुन्हा तेच. मला वाटतं विसरायला लागलेत. अशा माणसाला कसं सांगू, की तुम्ही आयुष्यातलं शेवटचं काम केलंत आणि त्याने सुनेचे खेकडे मारले?

मी एक ठरवलंय. आपण खोटं बोलू. सांगू, कचेरीचा नवा नियम आलाय, सगळ्यांना प्लास्टिकचेच पाइप लावायला सांगितलेत. दादालाही पढवून ठेव.

तुझी खूप खूप सुटलेली,
नणंद

२१ मार्च

नणंदबाई,

तुझी तार-छाप चिठ्ठी मिळाली, पहिल्या बाटलीत तांबंच तांबं आणि दुसरीत नावाला. कळलं, पटलं, आणि शेडमध्ये जाऊन बघितलं तर खेकड्यांनाही पटलंय. रबरी नळी लावल्यापासून एकही मेला नाही. ज्यांच्या अंगात आधीच तांबं मुरलंय ते अजून सुस्त आहेत, पण खायला लागलेत. या आठवड्यात नवे आणलेले तर पटापट कवचं टाकताहेत. सगळी रिकामी कवचं मी ओळीने कट्ट्यावर मांडून ठेवलीत, बघायला ये. हॉटेलवाल्यालाही कळवलं, आता तुझ्या हो म्हणण्याची वाट आहे.

काकूला मी सगळं सांगून टाकलं. तिने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, तुझी नणंद आली की तिला माझ्याकडे जेवायला पाठव. तुझ्या दादाची माफी मात्र मागितली नाही.

बाबांचं तुझं खोटं काही चाललं नाही. मंगळवारी ते लाँचवरून उतरले, पेटी धक्क्यावरच तुझ्या दादाच्या स्वाधीन केली आणि घरात न शिरता थेट शेडमध्ये गेले. रबरी नळी बघितली. मी पाठ केलेलं वाक्य बोलायला लागले, कचेरीचा नवा नियम... त्यांनी हात वर केला. म्हणाले, "सूनबाई, कुठला सांधा गळत होता तेवढं सांग."

मी म्हटलं, "कुठलाच नाही, बाबा."

"माझ्यापासून लपवू नकोस. मी रोज पहाटे बघत होतो. मला दिसला नाही, पण माझे डोळे आता... म्हणूनच तर डोळे तपासायला गेलो. कुठला होता?"

अगं, त्यांचा हात नळीवर होता आणि इतका थरथरत होता की नळीतून पाणी भिंतीवर उडत होतं. मला राहवलं नाही. सगळं खरं सांगून टाकलं. तांबं, कल्ले, निळं रक्त, जे जे तू लिहिलंस ते सगळं. सांगताना मीच रडत होते. त्यांनी एकदा मधे थांबवून विचारलं, "म्हणजे नुसतं तांबं? डाखाचं काही नाही?" मी म्हटलं, नुसतं तांबं. ते उलट्या बादलीवर बसले. आणि मग जे झालं ते मी लिहिणार नाही, बाबाच म्हणाले, मी लिहितो. कागद मागून घेतलाय. दोन दिवस लिहिताहेत, कुणाला जवळ येऊ देत नाहीत.

वहिनी

२३ मार्च

मुली,

पत्र लिहायची सवय नाही. तुझी आई लिहायची आणि मी खाली सही करायचो. अक्षर वाकडं दिसेल, ते हाताचं आहे, डोक्याचं नाही.

सूनबाईने सांगितलं तेव्हा मी हसलो. तिला वाटलं मला काही झालं. तिने तुझ्या दादाला हाक मारली, दोघं माझ्याकडे बघत उभे राहिले आणि मला हसू आवरेना. का ते सांगतो.

जानेवारीत पहिला खेकडा मेला तेव्हाच मला कळलं होतं की पाणी बिघडलंय आणि ते माझ्यामुळे. पण मला वाटलं डाख. सांध्याला डाख धरावा म्हणून आत एक मलम लावतात. जास्त लागलं आणि नीट धुतलं नाही तर ते आत राहतं आणि पाण्यात उतरतं, आणि असा सांधा पाझरतोही. चांगल्या कारागिराच्या हातून असं होत नाही. ज्याचा हात थरथरतो त्याच्या हातून होतं. मी गोदीत असताना असं काम करणाऱ्याला घरी पाठवायचे. मी स्वतः दोघांना पाठवलंय.

म्हणून आधी नुसते सांधे बघितले, मग फेब्रुवारीपासून रोज पहाटे उठून पहिलं पाणी सोडून द्यायचो आणि एकेक सांधा पंच्याने पुसून बघायचो. कोरडा असायचा. तरी खेकडे मरायचे पूर्ण थांबेनात. मग वाटलं आपल्याला दिसत नाही. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू पेटी काढून घेतली असतीस आणि तुझं बरोबर असतं. तुझ्या घरचा नळ मी मुद्दाम केला. बघायचं होतं, अजून येतं का.

आणि आता सूनबाई म्हणते, सांधे सगळे ठीक, धातूच चुकला. म्हणजे काम चोख आणि माल चुकीचा! मालाची चूक काय, कुणाचीही होते. हसू नको तर काय?

आता माझी फजिती ऐक. जहाजाच्या बुडाला तांबं घातलेला लाल रंग देतात. कशाला? पाण्यातले ते टणक किडे बुडाला चिकटू नयेत म्हणून. तू एकदा मला सांगितलं होतंस, ते दगडासारखे दिसतात पण खेकड्याचेच भाऊबंद आहेत. पस्तीस वर्षं त्या रंगाखाली उभा राहिलो. खेकड्याच्या भाऊबंदांना जे सोसत नाही तेच मी खेकड्याला पाजलं, आणि वर पांढरा रंग देऊन सजवलं. तुझी आई असती तर म्हणाली असती, मी सांगत होते ते पाइप भंगारात घाला.

प्लास्टिकचे पाइप आणलेत. डिंकाने चिकटवायचे असतात, त्याला मी काम म्हणत नाही, पण बसवतोय. शिडीवर तुझा दादा. तांब्याचे उतरवले, त्यांचा शेडच्या पायऱ्यांना कठडा करतोय. सूनबाई ओल्या पायऱ्यांवरून टोपल्या घेऊन चढते.

एक काम कर. तुम्ही यावर काही लिहून ठेवणार असाल, तर त्यात लिही की सांधा एकही गळत नव्हता.

तुझा बाप

२ एप्रिल

बाबांना आणि वहिनीला, दोघांना मिळून,

बाबा, तुमचं पत्र मी चारदा वाचलं. तुम्ही नळाखाली बोट धरून उभे होतात आणि मला वाटत होतं तुम्ही विसरताय. माझ्यासारखी शहाणी मीच. नळ अजून गळत नाही. मीही आता रोज बोट धरून बघते.

पेटी तुमच्याकडेच राहू दे. शिडी मात्र दादाचीच, त्यात बदल नाही.

वहिनी, शेवटचे खेकडेही तपासले. जुन्यांच्या अंगातलं तांबं उतरतंय, नव्यांत जास्तीचं काहीच नाही. नवे हॉटेलवाल्याला पाठव. सुट्टी मंजूर झालीय, शनिवारच्या लाँचने येते. कवचं कट्ट्यावरून काढू नकोस, आणि काकूला सांग मी जेवायला येतेय.

आमचा अहवाल लिहून झाला. जिथे असं खारं पाणी वापरतात तिथे तांब्याचे पाइप लावू नयेत, एवढंच त्याचं सार. नाव-गाव कुणाचंच नाही. सर वाचत होते आणि दुसऱ्या पानावर अडले. म्हणाले, हे इथे कशाला? विषयाशी त्याचा काय संबंध? मी त्यांना बाबांचं पत्र दिलं. त्यांनी ते सावकाश वाचलं, घडी घालून मला परत केलं आणि त्या मजकुराखालची पेन्सिलची रेघ पुसून टाकली. ते आता तसंच छापलं जाईल:

"पाइपांचे सर्व सांधे तपासण्यात आले. एकही सांधा गळत नव्हता. काम उत्तम दर्जाचे होते."

तुमची मुलगी